प्रकल्प पूर्ण झाल्यानंतर : शालेय पर्यावरण उपक्रमांचा मागोवा

पावसाळा ओसरला की कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांत प्रकल्पांचा हंगाम सुरू होतो. विज्ञान प्रदर्शने, राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या निवड फेऱ्या, हरित सेनेचे उपक्रम आणि वर्गातील पर्यावरण विषयाचे प्रकल्प यांची एकच घाई उडते. कोणी निर्माल्यापासून खत तयार करतो, कोणी शाळेच्या छपरावरचे पाणी साठवितो, कोणी पंचगंगेच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणतो. जानेवारीअखेर तक्ते भिंतीवर लागतात, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात आणि प्रकल्प संपतो. पुढच्या आठवड्यात तेच तक्ते कपाटामागे उभे केलेले आढळतात.

या उपक्रमांसाठी विद्यार्थी आणि शिक्षक जे श्रम घेतात ते थोडे नव्हेत. परंतु या सर्व खटाटोपातून मुलांच्या हाती नेमके काय लागले, हा प्रश्न प्रदर्शनाच्या गडबडीत विचारावयाचा राहून जातो. नदीप्रदूषणाचा देखावा थर्मोकोलमध्ये उभा केलेलाही पूर्वी पाहावयास मिळे. त्या थर्मोकोलचे पुढे काय होणार, असे एखाद्या विद्यार्थ्याने त्याच वेळी विचारले असते तर त्या एका प्रश्नाचे मोल संपूर्ण देखाव्याहून अधिक ठरले असते. गटाने केलेल्या कामाकडे त्याच गटाने शांतपणे परत वळून पाहणे, म्हणजेच कामाचा मागोवा घेणे, हा प्रकल्पाचा शेवटचा आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित टप्पा होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

कामातून शिक्षण : जिल्ह्याचा वारसा

हाताने काम करावे आणि त्यातून शिकावे, हा विचार कोल्हापूरला नवा नाही. जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा आणि शिका’ या सूत्रावर वसतिगृहे व शाळा चालविल्या. तेथील मुलांनी शेती केली, दगड फोडले, इमारतींच्या बांधकामावर घाम गाळला. गरिबाच्या मुलाने स्वतःच्या श्रमावर शिकावे, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र जे. पी. नाईक यांनी हाच धागा पुढे नेला. भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे १९५२ मध्ये मौनी विद्यापीठ उभे राहिले, त्याच्या संस्थापकांत ते अग्रणी होते. आसपासच्या खेड्यांचे जीवन हाच अभ्यासाचा विषय मानणारी ग्रामीण शिक्षणसंस्था, अशी तिची कल्पना होती. पुढे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे (१९६४ ते १९६६) सदस्य-सचिव म्हणून नाईक यांनी काम केले. कार्यानुभव हा सर्व स्तरांवरील शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस त्या आयोगाने केली. गारगोटीच्या माळावरील अनुभव आणि दिल्लीतील अहवाल यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नव्हते.

अर्थात कार्यानुभवाचा तास अनेक ठिकाणी कागदी फुले आणि खडू बनविण्यापुरता उरला, हेही नमूद केले पाहिजे. काम झाले, परंतु कामाविषयी बोलणे झाले नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी गेल्या शतकाच्या आरंभीच या उणिवेवर बोट ठेवले होते. नुसत्या कृतीने अनुभव घडत नाही. कृती आणि तिचा परिणाम यांचा संबंध मनात जोडला गेला तरच तो शिक्षणास उपयोगी पडतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे याच ड्यूई यांचे विद्यार्थी होते. तेथील शिक्षणानंतर काही वर्षांतच, मार्च १९२० मध्ये, ते कोल्हापूर संस्थानातील माणगावच्या परिषदेस अध्यक्ष म्हणून आले, हा योगायोग येथील शिक्षकांना ठाऊक असावा.

पर्यावरण शिक्षणाचा प्रवाह या जुन्या विचारास नंतर येऊन मिळाला. सोव्हिएत जॉर्जियातील तिबिलिसी येथे १९७७ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे ठरविताना माहितीबरोबरच वृत्ती, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग यांवर भर दिला. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची संकल्पना जगभर रुजविली. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागविणे, असा तिचा साधा अर्थ आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. त्यात दहा ते सतरा वर्षांची मुले आपल्या परिसरातील एखादा प्रश्न घेऊन त्याचा गटाने अभ्यास करतात आणि कामाची दैनंदिन नोंदवही ठेवतात. ही नोंदवही हे या उपक्रमाचे मर्म आहे. ती प्रदर्शनाच्या आदल्या रात्री एकाच शाईने आणि एकाच हस्ताक्षरात लिहिली गेली, तर परीक्षकांच्या ते लगेच ध्यानात येते.

नदीचा प्रश्न आणि खऱ्या नोंदी

हे सारे काटेकोरपणे करण्याची निकड कोल्हापूरला विशेष आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या व गुप्त सरस्वतीच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा आकारास येते. तेथून सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. एवढ्या अल्प अंतरात तिच्या काठी एक महानगर, वस्त्रोद्योगाचे इचलकरंजी, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती आणि शेकडो एकर ऊस आहे. कोल्हापूर शहरातील जयंती आणि दुधाळी हे नाले तिच्याकडेच धावतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी तयार केली. त्यांपैकी ५३ पट्टे महाराष्ट्रात होते आणि त्यांत पंचगंगेचा समावेश होता. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ येऊन अनेकांचे प्राण गेले. पाण्याची शुद्धता हा केवळ पाठ्यपुस्तकातील धडा नाही, हे त्या शहरातील कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही.

अशा नदीच्या काठी वाढणाऱ्या मुलाने आपल्या प्रकल्पाच्या अखेरीस ‘पाणी शुद्ध झाले, लोकांत जागृती झाली, प्रकल्प यशस्वी झाला’ अशी तीन ठरावीक वाक्ये लिहिली, तर त्यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की, जे घडले नाही ते घडले म्हणून लिहिण्याची सवय त्यास चौदाव्या वर्षी लागते. हेच मूल पुढे अभियंता, आरोग्यसेवक, कारखान्यातील रसायनतज्ज्ञ किंवा शासकीय कर्मचारी होणार असते. सांडपाण्याच्या तपासणीचा तक्ता एके दिवशी त्याच्यापुढे भरावयास येणार असतो. अहवालात सर्व काही समाधानकारक आणि प्रत्यक्षात नाल्याला फेस, ही विसंगती कोठून सुरू होते याचा शोध घेतल्यास तो कधीकधी शाळेच्या प्रकल्पवहीपर्यंत जाऊन पोहोचेल.

खऱ्या नोंदीचे शिक्षण देण्यासाठी कोल्हापुरात दूर जाण्याचे कारण नाही. पावसाळ्यात येथील लहान मूलदेखील ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे’ हे विचारते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे शहरातील बहुतेकांना तोंडपाठ असतात. २०१९ च्या महापुरात ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत तासातासाचा आकडा घरोघरी लिहून ठेवला जात होता आणि त्यावर सामान हलवायचे की नाही हे ठरत होते. या आकड्यात कोणी एक फूट कमी-अधिक सांगितला असता तर काय झाले असते, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. नोंद प्रामाणिक का असावी, हे मग व्याख्यान न देताही कळते.

एक उदाहरण : निर्माल्याचे खत

मागोवा प्रत्यक्षात कसा घ्यावा हे स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक, पण कोणत्याही शाळेत सहज घडू शकेल असे उदाहरण घेऊ. नववीच्या पाच विद्यार्थ्यांच्या गटाने गणेशोत्सवातील निर्माल्यापासून खत करण्याचा प्रकल्प घेतला. कोल्हापुरात निर्माल्य आणि गणेशमूर्ती पाण्यात न सोडता स्वतंत्रपणे स्वीकारण्याची प्रथा अलीकडच्या काळात चांगली रुळली आहे. शहरात मूर्तींसाठी इराणी खणीची सोय केली जाते. त्यामुळे साहित्याची वाण नव्हती. गटाने दोन दिवस घाटावर उभे राहून फुले, दूर्वा, पत्री व हार गोळा केले आणि शाळेच्या मागील बाजूस खड्डा खणून त्यात भरले. तीन आठवड्यांनी खड्ड्यास इतकी दुर्गंधी सुटली की जवळच्या वर्गाच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या. शिपायाने खड्डा मातीने बुजविला. प्रदर्शनासाठी मग बाजारातून खताची पिशवी आणून काचेच्या बरणीत ठेवण्यात आली.

नेहमीच्या पद्धतीने या प्रकल्पास बक्षीसही मिळून गेले असते. मागोवा घेणारा शिक्षक मात्र बरणीपासून नव्हे, तर बुजविलेल्या खड्ड्यापासून सुरुवात करील. दुर्गंधी का आली? गणेशोत्सव भाद्रपदात येतो आणि त्या सुमारास कोल्हापुरात पाऊस पुरता थांबलेला नसतो. उघड्या खड्ड्यात पाणी साचते. झेंडू, जास्वंद, दूर्वा यांत मुळातच ओलावा भरपूर असतो. पाणी भरले की ढिगातील हवा निघून जाते आणि हवेवाचून जगणारे जीवाणू वाढून कुजण्याची क्रिया वेगळ्याच मार्गास लागते. ती दुर्गंधी म्हणजे या बदलाची खूणच होय. ओल्या हिरव्या द्रव्यात नत्र अधिक, तर वाळलेला पाला, भुसा, उसाचे पाचट यांत कर्ब अधिक असतो. नत्राच्या सुमारे तीसपट कर्ब असे प्रमाण साधले आणि ओलावा पिळलेल्या फडक्याइतका राखला, तर ढीग आतून तापतो, दर आठ-दहा दिवसांनी उलथापालथ केल्यास दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते. जमिनीवर विटांचे, बाजूंना हवेसाठी भोके ठेवलेले टाके बांधले आणि वर छप्पर घातले तर पावसाचा प्रश्न उरत नाही. पुसदचे शेतकरी ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘नाडेप’ पद्धत अशा टाक्यावरच आधारलेली आहे.

म्हणजे फसलेल्या खड्ड्याने जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि स्थानिक हवामान यांचे जितके धडे दिले, तितके दुकानातून आणलेल्या बरणीने दिले नसते. आणखी एक प्रश्न येथे उद्भवतो. निर्माल्यातून प्रत्यक्षात काय काय निघाले? हारांतील दोरा, चकाकणारी जर, कापूर व उदबत्तीची वेष्टने, प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या. गटाने यांची वेगवेगळी वजने नोंदविली असती तर पुढील वर्षी काम घाटावर नव्हे, हार विकणाऱ्यांच्या दुकानी सुरू करावयास हवे, असेही कदाचित निघाले असते. कचऱ्याचे खत करणे चांगलेच. परंतु न कुजणारी वस्तू हारात येऊच नये, हा त्याहून पुढचा विचार आहे आणि तो मुलांच्या नोंदीतूनच पुढे येऊ शकतो.

गटात कोणी काय केले

गटकार्याचा मागोवा म्हणजे केवळ खड्ड्याचा मागोवा नव्हे. गटाचाही मागोवा घ्यावा लागतो आणि हा भाग अधिक नाजूक आहे. वर उल्लेखिलेल्या पाच जणांत कामाची वाटणी बहुधा अशी होते : ज्या मुलीचे अक्षर वळणदार ती तक्ते लिहिते, जो मुलगा धीट तो पाहुण्यांपुढे बोलतो, ज्याच्या घरी संगणक आहे तो छपाई करतो. निर्माल्य निवडण्याचे ओले आणि चिकट काम उरलेल्या दोघांच्या वाट्यास येते. प्रमाणपत्रावर पाचही नावे असतात, पण प्रकल्पाची ओळख बोलणाऱ्याच्याच नावाने होते.

कोल्हापूरच्या परिसरात ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. येथील वर्गात शेतकऱ्यांची, गवळ्यांची, फाउंड्रीतील कामगारांची आणि व्यापाऱ्यांची मुले शेजारी शेजारी बसतात. ज्याच्या घरी म्हशी आहेत त्या मुलास शेणखताचा ढीग कधी पालटावा, पाऊस असताना उकिरड्यावर काय टाकावे हे आपल्या आजोबांपासून ठाऊक असते. खड्डा भरताना त्याने ते सांगितलेही असेल, पण त्याचे ऐकले गेले नाही, कारण पुस्तकात खड्ड्याचे चित्र होते. मागोव्याच्या बैठकीत ‘आपल्यापैकी कोणास आधीच शंका आली होती?’ असा प्रश्न शिक्षकाने विचारला, तर असे एखादे मूल बोलते होते. गटाला तेव्हा कळते की, ज्ञान त्यांच्यातच होते आणि आपण ते वापरले नाही.

म्हणूनच बैठकीपूर्वी प्रत्येकाने स्वतंत्रपणे अर्धे पान लिहावे, हे इष्ट होय. आधी चर्चा आणि नंतर लेखन असा क्रम ठेवला तर सर्वांचे लेखन धीट मुलाच्या बोलण्यासारखेच निघते. स्वतः काय केले, कोणते काम टाळले, काय अपेक्षिले होते, काय घडले आणि पुन्हा करावयाचे झाल्यास कोणती एक गोष्ट बदलावी, एवढे लिहिणे पुरे. ‘या प्रकल्पातून मला पर्यावरणाचे महत्त्व समजले’ हे वाक्य लिहिण्यास मनाई करावी, असे सुचवावेसे वाटते. त्या वाक्याच्या आड मूल लपते.

उपजीविकेचा प्रश्न

नदीविषयीचे प्रकल्प घेणाऱ्या गटांपुढे याहून कठीण प्रसंग येतो. ‘म्हशी नदीत धुणे थांबवा’ अशा घोषणेचा फलक घेऊन निघालेल्या गटातच एखाद्या गवळ्याचा मुलगा असतो. इचलकरंजीच्या परिसरातील वर्गात ‘कापडावरील प्रक्रिया उद्योगांमुळे नदी दूषित होते’ असे वाक्य फळ्यावर लिहिले जाते, तेव्हा ज्यांचे वडील वा काका त्याच उद्योगात रोजगार मिळवितात अशी मुले समोर बसलेली असतात. ती गप्प राहतात. त्यांच्या गप्प राहण्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

मागोवा घेताना हा विषय टाळू नये, तसा तो एखाद्या मुलाकडे बोट दाखवूनही काढू नये. प्रश्न वेगळ्या रीतीने मांडता येतो : म्हशी नदीत का नेतात? दुसरीकडे पाण्याची सोय आहे काय? असल्यास त्यास खर्च किती आणि तो कोणी करावा? रंगाचे पाणी शुद्ध करून सोडण्यास कारखान्याला काय करावे लागते, ती यंत्रणा एकट्या लहान व्यावसायिकास परवडते की अनेकांनी मिळून उभारावी लागते? अशा प्रश्नांची उत्तरे मुलांना लगोलग मिळणार नाहीत. पण फलकावरील आज्ञार्थी वाक्य आणि प्रत्यक्ष जीवन यांच्यात काय काय येते, हे त्यांना दिसू लागते. शाश्वत विकासातील ‘विकास’ हा शब्द कशासाठी आहे, याचा बोध येथे होतो. घरच्या व्यवसायाची लाज न बाळगता त्यातील बदलाविषयी बोलू शकणारा विद्यार्थी हा या प्रकारच्या शिक्षणाचा मोठाच लाभ मानावा लागेल.

शाळेचे वर्ष आणि निसर्गाचे वर्ष

मागोव्यातून हमखास पुढे येणारी आणखी एक अडचण दिनदर्शिकेची आहे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि प्रकल्प जानेवारीत आटोपतात. निसर्गाचा हिशेब मात्र असा चालत नाही. १९५० पासून देशभर जुलैच्या प्रारंभी वनमहोत्सव साजरा होतो. शाळेच्या आवारातही रोपे लागतात. ती जानेवारीत हिरवीगार असतात आणि अहवालात सर्व रोपे जगल्याची नोंद होते. त्यांची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत असते आणि तेव्हा शाळेला सुटी असते. रोपे जगली की नाहीत हे ज्यांना कळावयास हवे ती मुले मामाच्या गावी असतात.

नदीचेही असेच. पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालून पाणी अडविले जाते आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढले जातात. डिसेंबरात पाण्याचा नमुना घेणाऱ्या गटास अडविलेली, संथ नदी भेटते. एप्रिलमध्ये त्याच जागी जलपर्णीचा थर आणि कमी झालेले पाणी दिसेल, जुलैमध्ये तांबडा लोंढा. एका दिवसाच्या नमुन्यावरून ‘पंचगंगेचे पाणी असे आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका तासाच्या पावसावरून वर्षाचे पर्जन्यमान सांगणे होय. शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा सामू, तापमान, पारदर्शकता आणि विरघळलेला प्राणवायू हे साधे गुण तपासता येतात. काळ्या पडणाऱ्या बाटलीच्या चाचणीने जीवाणूंच्या दूषिततेचा अंदाजही घेता येतो. ही तपासणी एका ठिकाणी, एकाच वेळी, पण महिन्यातून एकदा अशी वर्षभर झाली तर तिला अर्थ येतो. नमुने घेण्यासाठी मुलांनी शिक्षकांवाचून पाण्यात वा निसरड्या घाटावर उतरू नये, हे सांगणे नको.

बैठक कशी घ्यावी

अनुभवी शिक्षक मागोवा एकदाच, शेवटी, न घेता तीनदा घेतात. काम सुरू करण्यापूर्वी गट आपली अपेक्षा लिहून ठेवतो. उदाहरणार्थ, किती किलो निर्माल्य जमेल, खत किती दिवसांत होईल. हे अंदाज चुकणार हे गृहीतच असते, परंतु लिहिलेले नसले तर ते चुकले हे पुढे कोणास आठवत नाही. दुसरी बैठक काम अर्धे झाल्यावर, म्हणजे अजून सुधारणा करता येईल अशा वेळी. वरील उदाहरणात ती दहाव्या दिवशी झाली असती तर ढिगात वाळला पाला मिसळता आला असता आणि खड्डा बुजवावा लागला नसता. तिसरी बैठक प्रदर्शनानंतर, पाहुणे निघून गेल्यावर घ्यावी.

बैठकीस एक तासिका पुरते. मुलांनी गोल बसावे आणि नोंदवही मध्ये असावी. जे बोलावयाचे ते वहीतील नोंद दाखवून. शिक्षकाने पहिली दहा मिनिटे मौन पाळावे. हे अवघड आहे, कारण फसलेल्या कामाचे कारण त्यास माहीत असते आणि ते सांगून टाकण्याचा मोह होतो. मुले कारणापर्यंत स्वतः पोहोचण्यास वेळ लागतो, पण तो वेळ वाया गेला असे समजू नये.

गुणांचा प्रश्न शिक्षक नेहमी काढतात आणि तो रास्त आहे. यशस्वी प्रकल्पास अधिक गुण ही पद्धत चालू राहिली तर कोणीही अपयश लिहिणार नाही. राज्यात २०१० पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या पद्धतीत निरीक्षणे आणि वर्णनात्मक नोंदी यांना स्थान दिले गेले, तेव्हा या अडचणीवर उपाय सापडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी वर्णनात्मक नोंदींचीही तयार वाक्ये छापून मिळू लागली. तरीही वाट बंद झालेली नाही. प्रकल्पाच्या गुणांपैकी एक ठळक हिस्सा नोंदवहीच्या सलगपणास आणि मागोव्यातील खरेपणास द्यावा, तक्त्याच्या सजावटीस अगदी थोडा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्यांपैकी एखादा अर्धा दिवस या कामी लागला तर तो सत्कारणी लागेल.

नोंदवही नंतर कोणाकडे राहावी, याचाही निर्णय तिसऱ्या बैठकीत व्हावा. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद न करता शाळेच्या ग्रंथालयात, प्रकल्पाचे नाव आणि वर्ष घालून, इतर पुस्तकांबरोबर ठेवणे सोयीचे. नववीचा गट दहावीत जातो, तेव्हा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक तास जुन्या आणि नव्या गटाने एकत्र बसावे. सुटीत कोणती रोपे जगली हे दोघांनी मिळून मोजावे आणि जळालेल्या रोपांच्या जागा नकाशावर दाखवाव्यात. नळापासून दूर असलेली रोपेच जळाली, असे बहुधा आढळेल. नव्या गटास जुने काम पुढे न्यावयाचे नसेल, त्यांना हार विकणाऱ्यांशी बोलणे किंवा छपराचे पाणी मोजणे अधिक उपयोगी वाटत असेल, तर तसे करण्यास हरकत नाही. फक्त जुने काम का सोडले, याची चार ओळींची नोंद त्यांनी वहीच्या पुढील कोऱ्या पानावर, तारीख घालून, करून ठेवावी.